सासऱ्याचं तोंड

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नोलीन गॅडबीने आपल्या नवऱ्याला खोलीतून हाकलून दिले. बावन्न वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होते असे नाही. पण आजवर तिने त्याला नवरा म्हणून हाकलले होते. त्या मंगळवारी सासरा म्हणून हाकलले.

"व्हर्न घरी नाहीये, मिस्टर गॅडबी," ती म्हणाली. "आणि असता तरी तुम्हाला आत घेतलं नसतं मी."

व्हर्न हातात बेकरीची पिशवी घेऊन दारातच थांबला. "अगं, मीच व्हर्न."

"ती पिशवी ठेवा तिथे आणि निघा."

व्हर्नने पिशवी ठेवली आणि तो निघाला. काचेतून त्याने मागे वळून पाहिले तर ती पिशवीतला कस्टर्डचा स्लाइस खात होती.

नोलीनला ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या एका वृद्धांच्या होममध्ये ठेवून दोन वर्षे झाली होती. ती अलीकडचे आधी विसरत गेली. कालचे जेवण गेले, मग नातवंडांची नावे, मग मुलीचे, केरिनचे, लग्न. व्हर्न मात्र शिल्लक होता. तो रोज सकाळी दहाला जाई, ती "आलास का" म्हणे, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघे. आता तेही गेले आणि त्याच्या जागी त्याचा बाप येऊन बसला.

बाप म्हणजे हेक्टर गॅडबी. हा माणूस १९७९ साली एका आठवड्यासाठी त्यांच्याकडे राहायला आला आणि अकरा महिने राहिला. तो नोलीनच्या फर्नच्या कुंड्यांत सिगारेटी विझवी. पेन्शनच्या दिवशी पबमध्ये मारामारी करून येई. घरातल्या काकाकुव्याला त्याने नोलीनला उद्देशून एक वाक्य शिकवले होते. ते इथे लिहिण्यासारखे नाही. हेक्टर गेल्यावरही तो पक्षी नऊ वर्षे जगला आणि पाहुण्यांसमोर ते म्हणत राहिला.

व्हर्नची आजवर समजूत होती की आपण आईवर गेलो. पण हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्याचे अकरा किलो वजन उतरले. घरी एकट्यासाठी रांधायचे कोणी, म्हणून तो सिंकपाशी उभ्याने टोस्ट खाई. गाल बसले, कानशिले खोल गेली, नाकापासून हनुवटीपर्यंत दोन चर पडले. जुना रंग खरवडल्यावर खालचा त्याहून जुना रंग निघावा तसा शहात्तराव्या वर्षी व्हर्नच्या खालून हेक्टर निघाला.

होममध्ये नोलीनचे सगळे सेईनी करी. ही टोंगा बेटांवरची बाई अंगाने दांडगी आणि जिभेने मोकळी होती.

"पापा व्हर्न, मनाला लावून नका घेऊ," ती म्हणाली. "ती तुम्हाला विसरलेली नाहीये. उशाशी तुमचा मासा धरलेला फोटो आहे ना, त्याला रोज झोपताना गुड नाइट म्हणते."

"मग तो मीच आहे की."

"तो तुम्ही होता," सेईनी म्हणाली. "त्याला गाल आहेत."

हे वाक्य व्हर्न घरी घेऊन गेला. त्याने चाळीस वर्षे गिलाव्याचे काम केले होते. खचलेली भिंत, फुगलेले छत, बसलेला कोपरा यांत त्याचे आयुष्य गेले होते. गाल नसणे हे त्याला दुःखासारखे कमी आणि दुरुस्तीसारखे जास्त वाटले. दुःखाचे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. दुरुस्तीचे होते.

शॉपिंग सेंटरमध्ये औषधांचे दुकान आणि मासे-चिप्सचे दुकान यांच्या मधे चेहरे भरून देणारे क्लिनिक होते. तिथे पूर्वी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळत, तेव्हा तिथले छत व्हर्ननेच केले होते. त्या ओळखीवर तो आत शिरला.

"काय करून हवंय?" ताहलियाने विचारले. ती सत्तावीस वर्षांची नर्स होती आणि तिच्या कपाळावर काहीही हलत नव्हते.

व्हर्नने माशाच्या फोटोची घरची प्रत पुढे केली. "हे."

"कधीचा आहे?"

"त्र्याण्णवचा."

ताहलियाने फोटो पाहिला, मग व्हर्नला पाहिले, मग पुन्हा फोटो. "मासा नाही देता येणार," ती म्हणाली. "बाकीचं बघू."

"भरता म्हणजे नक्की काय भरता?"

"जेल. आपल्या कातडीत असतंच तसलं काहीतरी, वयाप्रमाणे कमी होतं. गालाच्या हाडावर घालायचं, कानशिलात घालायचं, नाकाशेजारच्या घडीत थोडं. बसलेलं वर उचललं जातं."

"आणि घरच हलत असेल तर?"

"म्हणजे?"

"भिंतीला भेग पडते ती घर हलतंय म्हणून पडते. पुट्टी भरली की भेग दिसत नाही. घर हलायचं थांबत नाही."

"आम्ही घर नाही थांबवत, व्हर्न. फक्त भेग भरतो."

हे उत्तर व्हर्नला प्रामाणिक वाटले. त्याने स्वतः गिऱ्हाइकांना असे कधी सांगितले नव्हते.

"टिकतं किती?"

"नऊ महिने. कुणाकुणाचं दीड वर्ष."

व्हर्नने वर बोट केले. "हे छत माझं आहे. एकतीस वर्षं झाली, एक चीर नाही."

ताहलियाने वर पाहिले. "छत हसत नाही ना," ती म्हणाली.

सुई टोचण्याआधी डॉक्टरने विचारपूस करावी असा नियम आहे. डॉक्टरीणबाई पर्थमध्ये होत्या, म्हणून त्या टॅब्लेटवर आल्या. तिकडे अजून सकाळ होती आणि त्या टोस्ट खात होत्या.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता?"

"नाही."

"पूर्वी चेहऱ्यावर काही केलंय?"

"दाढी."

"तुमच्या चेहऱ्यातली एखादी गोष्ट तुम्हाला सतत खुपते का?"

"हो. माझा बाप."

डॉक्टरीणबाई चावायच्या थांबल्या. "म्हणजे?"

"गंमत केली."

"बरं. हे तुम्ही स्वतःसाठी करताय, की दुसऱ्या कुणासाठी?"

या प्रश्नाला एकच उत्तर चालते हे ताहलियाने आधी सांगून ठेवले होते. "स्वतःसाठी," व्हर्न म्हणाला. त्या दिवसातले हे त्याचे दुसरे खोटे.

मग डॉक्टरीणबाईंनी धोके वाचून दाखवले. सूज येईल, काळेनिळे होईल, गाठी राहू शकतात. क्वचित जेल रक्तवाहिनीत जाते आणि तिथली कातडी मरते. फारच क्वचित डोळा जातो.

"दोन्ही?"

"बहुधा एक."

"एक चालेल," व्हर्न म्हणाला. डॉक्टरीणबाईंना हीही गंमत वाटली आणि त्यांनी परवानगी दिली.

अर्ध्या तासात काम झाले. दुखले बेताचे. व्हर्न पाठीवर पडून आपले छत बघत राहिला. निघताना ताहलियाने एक गुलाबी कागद हातात दिला. गालाला हात लावायचा नाही, चोळायचे नाही, दोन दिवस हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायचा नाही, आणि समारंभ वगैरे असेल तर मधे दोन आठवडे जाऊ द्यायचे.

तोही मंगळवारच होता; नोलीनने हाकलल्याला तीन आठवडे झाले होते. नोलीनचा वाढदिवस गुरुवारी होता. कागद वाचून व्हर्न मनातल्या मनात हसला. गिलावा दोन दिवसांत रंग घ्यायला तयार होतो हे प्रत्येक कारागिराला ठाऊक असते, आणि प्रत्येक कारागीर गिऱ्हाइकाला दोन आठवडेच सांगतो. व्हर्नने चाळीस वर्षे तेच सांगितले होते.

इतपत ठीक होते. पण संध्याकाळी त्याने दिवा काढला.

भिंत सारखी झाली की नाही हे समोरून बघून कळत नाही. दिवा भिंतीला चिकटवून उजेड आडवा टाकावा लागतो, म्हणजे जिथे उंचवटा असेल तिथे सावली पडते. व्हर्नने न्हाणीघरात आरशासमोर उभे राहून कामावरचा जुना दिवा कानापाशी धरला. डाव्या गालावर वाटाण्याएवढा उंचवटा होता.

व्हर्न गॅडबीने उभ्या आयुष्यात उंचवटा ठेवून काम सोडले नव्हते. त्याने अंगठा ओला केला आणि उंचवटा हळूहळू बाहेरच्या बाजूला पसरवला. मग डावा गाल उजव्यापेक्षा सपाट दिसू लागला, म्हणून उजवा थोडा वर ढकलला. मग डावा पुन्हा. असे पाऊण तास चालले. थापी आणायचा मोह त्याने आवरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

गुरुवारी सकाळी त्याचा डावा डोळा अर्धा मिटला होता आणि गाल जबड्यापर्यंत जांभळा झाला होता. उजवा गाल वर चढून बसला होता. इतर वेळी होमच्या दारावरच्या यंत्रासमोर तोंड धरले की ते "सुप्रभात, व्हर्न" असे दाखवून दार उघडी. आज त्याने तीनदा "कृपया संपूर्ण चेहरा दाखवा" असे दाखवले. शेवटी सेईनी आली.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही. करून घेतलंय. गाल."

"कशाला?"

"तिचा वाढदिवस आहे ना."

सेईनीने त्याचे दोन्ही गाल पाहिले. "आम्ही फुगे आणलेत," ती म्हणाली आणि तिने दार धरले.

नोलीन खिडकीपाशी बसली होती. डोक्यावर कागदी टोपी होती. तिने त्याला एकदा पाहिले आणि तिचे ओठ बारीक झाले.

"पेन्शनचा दिवस होता वाटतं काल," ती म्हणाली.

"नोलीन, नीट बघ. मी व्हर्न आहे."

"त्याच्या नावावर पबात दारू घेऊन झाली. आता तोंड पण त्याचंच म्हणून सांगताय. लाज नाही वाटत, मिस्टर गॅडबी?"

"आज वाढदिवस तुझा. मी आपला..."

"पोर घरात आहे. तिला असलं तोंड दाखवू नका." आणि मग, त्याला कल्पना नसताना, ती रडायला लागली. "तुम्हाला असं बघितलं की व्हर्न दोन-दोन दिवस बोलत नाही. तुम्हाला काय, तुम्ही झोपून उठता. त्याला लागतं." तिने पलंगाशेजारची घंटा दाबली आणि दाबूनच ठेवली.

मॅनेजरीणबाई आल्या. त्यांनी व्हर्नला ऑफिसात बसवून एक फॉर्म काढला.

"वृद्ध माणसाच्या अंगावर माराच्या खुणा दिसल्या की आम्हाला लिहावंच लागतं."

"पण मी इथे राहत नाही."

"वृद्ध आहात ना? घरी तुम्हाला कुणी त्रास देतं का?"

"घरी कुणीच नाही."

"मग हे कशामुळे झालं?"

"मी माझ्या बापासारखा दिसत होतो," व्हर्न म्हणाला.

मॅनेजरीणबाईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. मग त्यांनी केरिनला फोन केला. चेहरा नीट होईपर्यंत आपण न आलेले बरे, नोलीनला त्रास होतो, असेही त्या जाता जाता म्हणाल्या.

केरिन टूवुम्बाहून गाडी हाकत दुपारी पोचली. तिने बापाचा चेहरा पाहिला, मग फ्रीज उघडला, मग समोर खुर्ची ओढून बसली.

"डॅड, आज वार कोणता?"

"गुरुवार. तुझ्या आईचा वाढदिवस."

"शंभरातून सात वजा करत जा बरं."

"ते मला शाळेतही येत नव्हतं. आधी फ्रीज बघितलास, आता डोकं बघतेस?"

"फ्रीजमध्ये मोहरीची बाटली आणि डोळ्यांचे थेंब आहेत."

"दोन्ही चांगली आहेत अजून."

"तू बापासारखा दिसतोस म्हणून कुणाकडून तरी मार खाल्लास, असं लिहिलंय त्या बाईनं. मला फोनवर वाचून दाखवलं. मी रस्त्यात दोनदा गाडी बाजूला घेतली, डॅड."

व्हर्नने मग तिला सगळे सांगितले. केरिनने गुलाबी कागद मागून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. कातडी पांढरी पडली तर ताबडतोब कळवा, असे त्यात होते. तिने त्याच्या गालावर बोट दाबले, उचलले, रंग परत येतो का पाहिले. येत होता. तरी तिने त्याला गाडीत घातले, आणि क्लिनिकपर्यंत प्रत्येक लाल दिव्याला गाल दाबून पाहिला. शेजारच्या गाड्यांतले लोक बघत होते.

ताहलियाने चेहरा उजेडाकडे वळवला. "हात लावलात?"

"थोडं सारखं केलं."

"सारखं म्हणजे?"

"उंचवटा होता."

"व्हर्न," ताहलिया म्हणाली, "ती सूज होती."

तिने बराच वेळ तपासले. रक्तवाहिन्या शाबूत होत्या आणि कातडी जिवंत होती. डावीकडे जे भलतीकडे गेले होते ते तिने औषध टोचून विरघळवले, आणि व्हर्नला दोन्ही हात खिशात घालून दोन आठवडे बसायला सांगितले.

केरिन चार दिवस राहिली. तिने रोज मांस-बटाट्याचे काहीतरी रांधले आणि तो खातो का हे समोर बसून पाहिले. जायच्या दिवशी भांडी पुसताना ती म्हणाली, "आणि समजा तरीही आईनं नाही ओळखलं? कुठल्याच तोंडानं नाही ओळखलं, तर?"

"तर तेवढं कळेल."

"काय कळेल?"

"की तोंडाचा दोष नव्हता."

केरिनने तेच ताट पुन्हा पुसले.

सोळाव्या दिवशी व्हर्नने आरशात पाहिले. दिवा घेतला नाही. काम चांगले झाले होते. त्र्याण्णवचा नव्हे, पण एखादा बऱ्या प्रकृतीचा साठीतला माणूस दिसत होता, आणि त्यात हेक्टर शोधूनही सापडत नव्हता. त्याने निळा शर्ट घातला, बेकरीत जाऊन आला आणि दहा वाजता खोलीच्या दारात उभा राहिला.

नोलीनने वर पाहिले.

"व्हर्न," ती म्हणाली.

काय काय झाले तर काय बोलायचे हे व्हर्नने ठरवून ठेवले होते. हे झाले तर काय बोलायचे ते ठरवायचे राहिले होते.

"होतास कुठे तू?"

"इथेच होतो, नोलीन."

"इथे मी होते. तू नव्हतास. मला या लोकांत आणून टाकलंस आणि एकदा फिरकला नाहीस. ख्रिसमस झाला माझा इथे. कागदी टोपी घालून बसवतात मला."

"मी रोज येत होतो गं."

"रोज तुझा बाप येत होता." तिचा आवाज चढला. "तुझा बाप, व्हर्न. मी त्या माणसाला काय काय बोलले. बाहेर काढलं, तोंडावर दार लावलं. तरी दुसऱ्या दिवशी दहाला हजर. खायला घेऊन. गुपचूप बोलणी खायचा आणि जायचा. त्या म्हाताऱ्याला लाज आहे, तुला नाही."

व्हर्न पलंगाच्या कडेला बसला.

"बसू नकोस. मग एक दिवस तो कुठेतरी मार खाऊन आला. सगळं तोंड काळंनिळं. आणि मी विचारलंसुद्धा नाही लागलंय का म्हणून. घंटा दाबली. तेव्हापासून आलेला नाही तो. गेला असेल कुठेतरी मरून."

"नाही गेला. आहे तो."

"तू बघितलंस?"

"बघितलं. बराय."

"मग त्याला आण. आणि तू नको येऊस. मला नाही तुझं तोंड बघायचं." तिने भिंतीकडे तोंड फिरवले. व्हर्नने पिशवी टेबलावर ठेवली. या वेळी तिने पिशवीला हात लावला नाही.

कॉरिडॉरमध्ये सेईनी चादरींची गाडी ढकलत होती. "ओळखलं?" तिने विचारले.

"बघितल्याबरोबर."

"मग इतक्यात बाहेर?"

"हाकललं."

"कोण म्हणून?"

"मी म्हणून," व्हर्न म्हणाला.

सेईनीने एक स्वच्छ टॉवेल काढून त्याच्या हातात दिला आणि गाडी पुढे नेली.

व्हर्न तिथून सरळ क्लिनिकमध्ये गेला. ताहलियाने त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि ती खूश झाली. "फोटो काढून ठेवते. फार छान बसलंय, व्हर्न."

"हो, उत्तम झालंय. काढून टाक."

"काय?"

"ते विरघळवायचं औषध आहे ना, ते सगळीकडे घाल."

"पण तुम्हाला जे हवं होतं ते झालं नाही का? तुमच्या मिसेसनं..."

"झालं. शंभर टक्के झालं. तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही."

ताहलिया स्टूलवर बसली. तिने त्याला समजावून पाहिले. या औषधानेही सूज येते. कुणाला त्याची ॲलर्जी असते, म्हणून आधी हातावर थोडे टोचून पाहावे लागेल. आणि काही लोक म्हणतात की जेल गेल्यावर गाल आधीपेक्षाही ओघळतात. "आधी होतात त्याहून म्हातारे दिसाल कदाचित."

"तेवढं झालं तर बरंच," व्हर्न म्हणाला.

"आणि पुन्हा भरायचं मनात आलं तर निदान दोन आठवडे थांबावं लागेल. लगेच नाही करत मी."

"पुन्हा कशाला भरतोय," व्हर्न म्हणाला आणि डोके मागे टेकून छताकडे पाहू लागला.

सूज उतरायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्याने गालाला बोटही लावले नाही. चौथ्या दिवशी दहा वाजता तो दारात उभा राहिला. गाल होते तिथे जाऊन बसले होते, थोडे अधिकच.

"आलात," नोलीन म्हणाली. "या, बसा. लागलं होतं ना तुम्हाला?"

"बरं झालं आता."

"मी विचारायला हवं होतं." तिने शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलून जागा केली. तो बसला. दोघांनी स्लाइस अर्धा अर्धा खाल्ला. मग ती हळूच म्हणाली, "व्हर्न आला होता."

"असं?"

"छान दिसतोय. गाल भरलेत. कुणीतरी खायला घालतंय त्याला."

"नाही, नाही. तसलं काही नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? तो काय येऊन तुम्हाला सांगणारे?" नोलीनने बोटांवरची साखर पुसली. "फार बोलले मी त्याला. मुद्दाम बोलले."

"मुद्दाम कशाला?"

नोलीनने दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. तरी ती त्याच्याकडे झुकली. "तुम्हाला म्हणून सांगते. हे घर कुणाचं आहे मला कळत नाही, मिस्टर गॅडबी. सकाळी उठते तेव्हा ही खिडकी ओळखीची नसते. ती जाडी बाई माझं सगळं करते, तिचं नाव मला येत नाही. व्हर्न आला की विचारत बसतो, हे आठवतं का, ते आठवतं का. मला काही आठवत नाही. मी भांडायला लागले की तो विचारायचं थांबतो."

व्हर्नने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"त्याला सांगू नका. खचेल तो. वरून धिप्पाड दिसतो, पण आतून अगदीच हा आहे."

"नाही सांगत."

"वचन द्या."

"दिलं."

ती मागे टेकली. तिला बरे वाटलेले दिसले. बाहेर कोणीतरी हिरवळीला पाणी घालत होते, ते ती बघत राहिली. व्हर्नही तेच बघत राहिला. मग तिने त्याच्या बाहीला बोट लावले.

"पण पाठवा त्याला. म्हणावं, नाही भांडणार. नुसतं येऊन बस म्हणावं."

"सांगतो."

"कधी येईल?"

व्हर्नने मनाशी दिवस मोजले. "दोन आठवडे तरी लागतील," तो म्हणाला.

"इतके? कुठे अडकलाय?"

"काम निघालंय त्याचं. गिलाव्याचं."

"बरं," नोलीन म्हणाली. "तोवर तुम्ही येत जा."